सोन्याचं नाणं : दुर्मिळ कशाने होतं, आणि खराब कशाने?

नाण्यांवर बोलायला उभं राहिलं की आमच्यासारख्या नाणी जमवणाऱ्या, अभ्यासणाऱ्या लोकांना तीन प्रश्न हमखास विचारले जातात. आमच्या घरी एक जुनं सोन्याचं नाणं आहे, त्याचे किती येतील? ते खरं आहे का? आणि चमकत नाही, तर सोनाराकडून उजळून घेऊ का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देऊन टाकतो : कृपा करून उजळू नका. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

विषय बुलढाणा जिल्ह्यात मांडतोय, त्याला कारण आहे. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं माहेर, त्यामुळे शिवरायांच्या होनाबद्दल इथे जिव्हाळा आहे. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला, तो या कापसासाठीच. कापसाचा पैसा ज्या मुलखात आला, तिथे घरोघर गिन्नी आली. खामगाव चांदीच्या बाजारासाठीही ओळखलं जातं, म्हणजे धातू पारखणारे डोळे इथे आहेतच. आणि उत्तरेला जिल्ह्याच्या सीमेला लागून बुऱ्हाणपूर, मोगलांची मोठी टांकसाळ. होन, मोहर, गिन्नी या तिन्हींच्या वाटा या मुलखातून किंवा त्याच्या शेजारून गेल्या आहेत.

एका नाण्याच्या तीन किमती

सोन्याच्या कुठल्याही नाण्याला तीन किमती असतात, आणि आपण बहुतेक वेळा त्यातली एकच मोजतो.

पहिली धातूची. वजन, कस आणि आजचा भाव. ही सराफ दोन मिनिटांत सांगतो. दुसरी दुर्मिळतेची, म्हणजे तसली नाणी आज किती उरलीत आणि ती हवी असणारे किती आहेत. तिसरी स्थितीची, म्हणजे जे नाणं तुमच्या हातात आहे ते किती शाबूत आहे.

यातली धातूची किंमत बाजार ठरवतो, दुर्मिळता इतिहासाने ठरवलेली असते. त्या दोन्हींत आपण काही करू शकत नाही. स्थिती तेवढी आपल्या हातात असते. आणि गंमत अशी, की जी आपल्या हातात आहे तीच आपण सर्वांत जास्त बिघडवतो, तेही बहुधा प्रेमापोटी. आजचं सगळं व्याख्यान या एका मुद्द्याभोवती आहे.

जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे

पहिला गैरसमज वयाचा. 'हे नाणं हजार वर्षांचं आहे, म्हणजे कोट्यवधीचं असेल.' तसं नसतं.

शेजारच्या वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. १९३९ मध्ये, तेव्हा तो भाग अकोला जिल्ह्यात होता, तिथे सातवाहनांच्या सुमारे १,६०० नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रणाची. वय जवळपास अठराशे वर्षं. पण सातवाहनांची अशी साधी नाणी पुष्कळ सापडतात, म्हणून सुट्या नाण्याला बाजारात फार भाव येत नाही.

आता सोन्याकडे या. देवगिरीच्या यादवांचं सोन्याचं नाणं म्हणजे पद्मटंक. मध्यभागी कमळाचा ठसा, भोवती श्री, शंख आणि राजाचं नाव यांचे वेगवेगळे ठसे. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. तेराव्या शतकातलं नाणं, शिवकाळाच्या चारशे वर्षं आधीचं. तरी लिलावांच्या याद्या पाहिल्या तर पद्मटंक वरचेवर दिसतो. शिवरायांचा होन मात्र क्वचित येतो, आणि येतो तेव्हा बोली लाखांच्या घरात जाते. म्हणजे चारशे वर्षांनी जुनं नाणं सोपं, आणि नवं नाणं अवघड!

कारण नाणं दुर्मिळ होतं ते उरण्यावरून. पाडली किती, साठवली किती, पुरली किती, वितळवली किती, या सगळ्या बेरीज-वजाबाकीनंतर हातात काय राहिलं, ती दुर्मिळता. उद्या एखाद्या शेतात हजार नाण्यांचा हंडा निघाला, तर काल जे दुर्मिळ होतं ते आज नसेल.

होन आणि शिवराई : नाव एक, नशीब दोन

शिवराज्याभिषेक १६७४ चा. महाराजांच्या नाण्यांवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी नागरी अक्षरं आहेत. फारसी मजकुराच्या नाण्यांनी भरलेल्या त्या काळातल्या दख्खनच्या बाजारात हे केवढं मोठं विधान होतं, ते सांगायला नको. सोन्यात पाडलं तो होन, तांब्यात पाडली ती शिवराई. होन अगदी लहान, आजच्या रुपयाच्या नाण्याहून बराच छोटा, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास.

आता बघा, मजकूर एक, राजा एक. पण तांब्याची शिवराई आजही जुन्या बाजारात थोडक्या पैशांत मिळते, आणि होन पाहायला मिळणं हेच भाग्य. असं का?

तांब्याची शिवराई महाराजांनंतरही पाडली जात राहिली, पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि त्याच्याही पुढे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया या उत्तरकाळातल्या आहेत. अक्षरांची घडण, वजन, ठशावरच्या खुणा यांवरून अभ्यासक त्यांचा काळ लावतात. त्यामुळे 'माझ्याकडे शिवराई आहे, म्हणजे महाराजांच्या हाताखालून गेलेली' असं लगेच म्हणता येत नाही.

होनाचं उलट झालं. त्या वेळी दख्खनच्या व्यवहारात विजयनगरच्या वळणाचे, आदिलशाही मुलखातले, दक्षिणेतल्या नायकांचे असे नाना तऱ्हेचे होन फिरत होते. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी आहे, तिच्यात शिवराई होन हा अनेकांपैकी एक आहे. म्हणजे मुळात स्वराज्याचा सगळा सोन्याचा व्यवहार आपल्याच होनावर चालत नव्हता. त्यात १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. शिवाय सोन्याचा स्वभावच असा, की राज्य बदललं की नाणं मुशीत जातं. तांब्याची शिवराई वितळवून कुणाला काय मिळणार? होन वितळवला की लगेच दुसरा दागिना. सोन्याचं नाणं त्याच्या मोलापायीच नाहीसं होतं, हे लक्षात ठेवा. आपल्या आजीची गिन्नीही त्याच वाटेने जाते.

पाडली किती आणि उरली किती

गिन्नीचं उदाहरण घेऊ, कारण ती तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. गिन्नी म्हणजे इंग्रजांचं सॉव्हरिन. वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरट, म्हणजे आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. व्यास २२ मिलिमीटरच्या किंचित वर.

१९१८ साली गिन्नी मुंबईत पाडली गेली. पहिलं महायुद्ध चालू होतं, चांदीची टंचाई होती, चांदीचे रुपये लोक साठवत होते. एक रुपयाची कागदी नोट आली ती याच दिवसांत, १९१७ च्या अखेरीस. तेव्हा हिंदुस्थानात आलेल्या सोन्याचीच नाणी पाडायची असं सरकारने ठरवलं, आणि मुंबईत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडली. लंडनहून साचे येईपर्यंत थांबायला नको म्हणून आधी १५ रुपयांची सोन्याची मोहर पाडली. तिचं वजन आणि कस गिन्नीइतकाच, कारण सरकारी दराने एक पौंड म्हणजे १५ रुपये होते. सुमारे २१ लाख मोहरा आणि सुमारे १३ लाख गिन्न्या पाडल्या, आणि १९१९ मध्ये ती शाखा बंदही झाली.

मुंबईची गिन्नी ओळखायची कशी? घोड्यावरचा संत जॉर्ज आणि खाली अजगर असलेली बाजू घ्या. खाली सालाच्या वर जी जमिनीची रेघ आहे, तिच्यावर मधोमध बारीक इंग्रजी 'आय' अक्षर असतं. इंडियाचा आय. भिंगाशिवाय दिसत नाही. तेच साल असून एम, पी, एस किंवा सी अक्षर असेल, तर ती मेलबर्न, पर्थ, सिडनी किंवा कॅनडाची.

आता तुलना करा. १९१८ ची मुंबईची गिन्नी सुमारे १३ लाख, आणि १९१७ ची लंडनची गिन्नी सुमारे १० लाख. आकडे जवळपास सारखेच. पण मुंबईची १९१८ आज सहज मिळते आणि धातूच्या किमतीपेक्षा थोड्याच जास्त भावाने जाते. लंडनची १९१७ मात्र तिच्या कित्येक पट मोलाची. कारण त्या वर्षीचा बराच माल युद्धाच्या देण्यापायी अमेरिकेकडे गेला आणि वितळला, असं मानलं जातं. मुंबईचा माल आपल्या आज्या-पणज्यांनी गाठोड्यात बांधून ठेवला, म्हणून उरला. टांकसाळीच्या वहीतला आकडा दुर्मिळतेची सुरुवात सांगतो, शेवट सांगत नाही.

स्थिती कशी वाचायची

आता स्थितीकडे. सोन्याला गंज चढत नाही, म्हणून लोकांना वाटतं की सोन्याचं नाणं खराब कसं होईल? होतं. सोनं मऊ असतं. घासतं, चेपतं, ओरखडतं.

पहिलं बघायचं झीज. नाण्यावर जो भाग सर्वांत उंच, तो आधी झिजतो. गिन्नीवर राजाच्या भुवईचे आणि दाढीचे केस, दुसऱ्या बाजूला घोड्याची छाती आणि जॉर्जच्या शिरस्त्राणाच्या रेषा. केस वेगवेगळे दिसतात की सपाट झालेत? होनावर अक्षरांची वरची बाजू बघायची, आणि कडेच्या टिंबांची माळ कितपत शिल्लक आहे ते बघायचं. या झिजेवरून संग्राहक पायऱ्या लावतात : फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, आणि अजिबात न वापरलेलं ते अनसर्क्युलेटेड. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांच्या नावाची १ ते ७० अशी मोजपट्टी आहे. प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून आलेल्या नाण्यावर जो आकडा असतो तो हाच.

दुसरं बघायचं छाप. झीज वेगळी आणि अपुरी छाप वेगळी, यात नवखे फार फसतात. मोगल मोहरेचा ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा. म्हणून मजकुराचा काही भाग चकतीबाहेर राहायचा. बुऱ्हाणपूरची औरंगजेबाची मोहर तशी दुर्मिळ नाही, पण तिच्यावर टांकसाळीचं नाव आणि साल दोन्ही पूर्ण आले असतील तर संग्राहक जास्त पैसे मोजतो. ती जन्मतःच नशीबवान म्हणायची.

तिसरं बघायचं इजा. भोक, कडी लावल्याची खूण, कापलेली कड, वाकण, खोल ओरखडा, आणि घासूनपुसून चमकवलेला पृष्ठभाग. जुन्या सोन्याला एक मंद, खोल झळाळी असते. पॉलिश केलेलं नाणं आरशासारखं चकाकतं, पण भिंगाखाली त्यावर एकाच दिशेच्या हजार बारीक रेघा दिसतात. ती झळाळी एकदा गेली की कुठलाही कारागीर परत आणू शकत नाही.

मग दुर्मिळता आणि स्थिती यांचा हिशेब एकमेकांशी कसा लागतो? साधी गिन्नी असेल तर कडी लावल्याने फार मोठं नुकसान होत नाही. ती मुळात धातूच्या भावाच्या जवळ विकली जाते, कडीवाली अगदी धातूच्या भावाने जाईल. उलट टोकाला, नाणं फारच दुर्मिळ असेल तर संग्राहक भोकही खपवून घेतो, कारण दुसरं मिळणारच नाही. पण भोक असलेल्या होनात आणि शाबूत होनात जो फरक पडतो, तो आकड्यात फार मोठा असतो. म्हणजे नाणं जितकं दुर्मिळ, तितका हलगर्जीपणाचा दंड जास्त. आणि आपल्याला तर आधी माहीतच नसतं, की गाठोड्यातलं नाणं साधं की दुर्मिळ. म्हणून नियम एकच : ओळख पटेपर्यंत प्रत्येक नाणं दुर्मिळच समजा.

इतिहासाची जखम आणि आपली जखम

इथे एक बारकावा आहे. प्रत्येक इजा वाईट नसते.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नुसतं बघाल तर नाणं बिघडलंय, चेहऱ्यावरच ठोकलंय. पण त्या 'बिघाडा'मुळेच नहपानाचा पराभव हातात धरून दाखवता येतो.

सोन्याच्या नाण्यांवरही अशा खुणा असतात. सराफाने कस तपासताना मारलेला बारीक छाप असतो. आपल्याकडची पुतळी घ्या. मूळ पुतळी म्हणजे इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. त्यावरच्या मानवी आकृत्यांमुळे आपल्या लोकांनी तिला पुतळी म्हटलं, आणि पुतळ्यांची माळ हा मराठी घरातला दागिना झाला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पुतळीला जी कडी आहे, ती त्या नाण्याच्या आयुष्याचा भाग आहे. ती काढून, घासून, भोक बुजवून 'नाणं परत शुद्ध करणं' म्हणजे दुसरी जखम करणं. जुनी कडी असू द्या. नवी लावू नका. एवढाच विवेक पाळायचा.

खरं की खोटं?

आता जरा सावध करणारा भाग. 'शेतात हंडा सापडलाय, स्वस्तात गिन्न्या देतो' असं सांगून गंडा घातल्याच्या बातम्या या जिल्ह्यातून अधूनमधून येतात, तुम्हीही वाचल्या असतील. पद्धत ठरलेली. नमुना म्हणून एक-दोन खरी नाणी देतात, तुम्ही सराफाकडे तपासता, विश्वास बसतो, आणि मग थैलीभर पितळ हातात पडतं.

पितळ ओळखणं अवघड नाही. वजन आणि आकार एकत्र मोजा. खरी गिन्नी ७.९८८ ग्रॅमची आणि तिचं आकारमान ०.४५ घनसेंटिमीटर. दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून तोलली तर ०.४५ ग्रॅमने हलकी भरते. त्याच आकाराची पितळी चकती केली तर तिचं वजन चार ग्रॅमसुद्धा भरणार नाही. वजन बरोबर हवं असेल तर ती दुप्पट जाड करावी लागेल. सोन्याचा जडपणा पितळेला साधत नाही. मात्र तपासायचं तर प्रत्येक नाणं तपासा, नमुना नको.

होनाचं प्रकरण याहून अवघड आहे. बनावट होन खऱ्या सोन्याचा असू शकतो! बनवणाऱ्याला तीन ग्रॅम सोनं घालून लाखांची आशा असते. तिथे तराजू उपयोगाचा नाही, डोळे लागतात. साच्यात ओतलेल्या नाण्याचा पृष्ठभाग भिंगाखाली रवाळ दिसतो, बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, कधी काठावर जोडाची रेघ दिसते. ठशाने ठोकून पाडलेल्या नाण्यात धातू दाबाने पसरलेला असतो, कडा धारदार असतात. आणि एकाच जागी तोच ओरखडा असलेली दोन नाणी दिसली, तर दोन्हींवर संशय घ्या. मुलामा दिलेल्या प्रतिकृती स्मरणिका म्हणून राजरोस विकल्या जातात. त्यात गैर काही नाही, फक्त पुढच्या पिढीला ती प्रतिकृती आहे हे लिहून ठेवा.

जमिनीत सापडलं तर

घरात आलेलं नाणं वेगळं, जमिनीतून निघालेलं वेगळं. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत दडलेलं सापडलं, तर काय सापडलं, कुठे, कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण याच कायद्यात दुसरी बाजूही आहे, ती कुणी सांगत नाही. मालक कुणी नाही असं ठरलं, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारने तो साठा स्वतःकडे घ्यायचा ठरवला, तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जास्त देण्याची तरतूद आहे.

लोक घाबरून काय करतात? रातोरात नाणी वाटून घेतात आणि वितळवतात. पैसा मिळतो, पण काय जातं ते बघा. मघाशी तऱ्हाळ्याची नाणी सांगितली. सुट्या नाण्याला फारसा भाव नाही, म्हणालो. पण तो साठा एकत्र अभ्यासाला मिळाला, डॉ. वा. वि. मिराशींनी तो वाचला, आणि पुराणांतल्या याद्यांत नसलेल्या सातवाहन राजांची नावं त्यातून पुढे आली. तीच नाणी सोळाशे घरांत वाटली गेली असती, तर ते राजे आपल्याला कळलेच नसते.

आपल्याच जिल्ह्यातलं ताजं उदाहरण सिंदखेड राजाचं. २०२४ मध्ये लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम चालू असताना जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती मिळाली. ती जाणकारांच्या डोळ्यांदेखत, जागच्या जागी नोंद होऊन बाहेर आली, म्हणून मूर्तीबरोबर तिची हकीकतही उरली. नाण्याचंही तसंच. कुठल्या गटात, किती खोल, कशाच्या भांड्यात, सोबत कोणती नाणी, ही माहिती नाण्याइतकीच दुर्मिळ असते. आणि ती एकदाच मिळते.

तर मग करायचं काय?

घरी गेल्यावर पाच गोष्टी करा. नाणं कडेला धरा, चेहऱ्यावर बोट नको. घासू नका, चिंच, रिठा, टूथपेस्ट, तेजाब, काही नको. माती असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात ठेवून काढा आणि मऊ कापडावर निथळू द्या. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवू नका, त्याचा चिकट थर नाण्यावर बसतो. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा. आणि सर्वांत महत्त्वाचं, ते कुणाकडून आलं ते लिहा : आजीचं, तिच्या माहेरचं, अमक्या साली कापूस विकून घेतलेलं. ती चिठ्ठी त्याच पाकिटात. मोड देऊन नवा दागिना करायचाच असेल, तर त्याआधी निदान एका जाणकाराला दाखवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*मुलगा अमेरिकेत आहे. आजीची गिन्नी त्याला पाठवता येईल का?*

चांगला प्रश्न. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तूच्या व्याख्येत येतं, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ च्या गिन्नीने ती शंभरी २०१८ मध्येच ओलांडली. तेव्हा सामानात टाकून देऊ नका. आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. आणि खरं सांगायचं तर, ती इथेच राहिली तर काय बिघडलं?

*आमच्याकडच्या नाण्यावर सिंह आणि ताडाचं झाड आहे, १८४१ साल आहे, अगदी नवंकोरं दिसतं. भाग्यच म्हणायचं ना?*

असू शकेल, पण नवंकोरं दिसतंय म्हणूनच जपून. कंपनी सरकारच्या त्या मोहरांचे नमुने टांकसाळीने पुढे अनेक वर्षांनी जुन्या साच्यांवरून पुन्हा पाडले होते. ते बनावट नव्हेत, पण १८४१ चेही नव्हेत. किमतीत मोठा फरक असतो. फोटोवरून सांगता येणार नाही, प्रत्यक्ष दाखवायला हवं.

*नाणं विकायचं नसेल, तर स्थितीची एवढी चिंता कशाला?*

विकायचं नसेल तर जास्तच. विकणाऱ्याचं नुकसान पैशात होतं, भरून निघतं. तुम्ही ते नाणं नातवाला देणार आहात. महाराजांच्या टांकसाळीत किंवा १९१८ च्या मुंबईत ते ज्या रूपात पाडलं गेलं, त्यातलं जेवढं आज उरलंय, तेवढं त्याच्या हाती पोचवणं एवढंच आपलं काम. दुर्मिळता वाढवणं आपल्या हातात नाही. आहे तेवढं जपणं आहे.